तुम्ही विचारलंत म्हणून: नाटक बघून झाल्यावर एवढं काय बोलता?

प्रश्न बहुतेक वेळा एकाच सुरात येतो. "नाटक ही प्रत्यक्ष बघायची गोष्ट ना? मग बघून आल्यावर मध्यरात्रीपर्यंत मोबाइलवर त्या अनोळखी लोकांशी काय बोलत बसता?" विचारणाऱ्यांत घरचे असतात, कामावरचे असतात आणि अधूनमधून नाटकात काम करणारेही असतात. या शेवटच्यांचा सूर जरा वेगळा. "आम्ही दोन तास घाम गाळतो आणि तुम्ही चार दिवस त्याचा कीस पाडता."

कीस पाडतो हे खरंच आहे. आमचा नाटकवेड्यांचा एक ऑनलाइन गट आहे. लोक ठिकठिकाणचे, सगळ्या वयांचे. बहुतेकांनी एकमेकांना पाहिलेलं नाही, काहींची खरी नावंही मला ठाऊक नाहीत. पण पहिल्या रांगेत बसायला कोण बिचकतं, कोणाला नाटकातली गाणी सहन होत नाहीत, कुठल्याही नाटकावर बोलताना प्रकाशयोजनेवर घसरणारा कोण, हे सगळं पाठ आहे.

सिनेमा बघून आलात की तुम्ही आणि मी एकच वस्तू बघितलेली असते. नाटकाचं तसं होत नाही. शुक्रवारचा प्रयोग शनिवारी नसतो. एखाद्या रात्री प्रेक्षक लवकर हसतात आणि नट त्या हशावर स्वार होतात. दुसऱ्या रात्री तेच वाक्य पडतं आणि पुढची दहा मिनिटं सगळे चाचपडतात. कधी मुख्य नट आजारी पडतो, बदली कलाकार उभा राहतो आणि नायकाऐवजी नायिकेचं नाटक होऊन बसतं. शिवाय खुर्ची. डाव्या कडेला बसलेल्याला उजव्या विंगेतून येणारी माणसं आधी दिसतात, बाल्कनीतल्याला नटांच्या चेहऱ्यांपेक्षा त्यांच्यातली अंतरं दिसतात. तेव्हा मी "नाटक पाहिलं" म्हणते त्याचा अर्थ इतकाच, की एका रात्री एका खुर्चीतून जे दिसलं ते पाहिलं. उरलेलं नाटक इतर लोकांकडे असतं. ते मागायला मी गटात जाते.

एक उदाहरण देते. नॉर्वेचा नाटककार इब्सेन याच्या 'अ डॉल्स हाउस'चा शेवट नाटकवेड्यांना माहीत असतोच. नोरा नवऱ्याला आणि मुलांना सोडून निघते आणि खालून दार बंद झाल्याचा आवाज येतो. १८७९ साली कोपनहेगनच्या रॉयल थिएटरात नाटक पहिल्यांदा झालं, तेव्हापासून तो आवाज गाजतोय. काहींना तो इतका बोचला, की जर्मनीतल्या प्रयोगासाठी शेवट बदलून हवा अशी मागणी आली. दुसऱ्या कोणीतरी हात घालण्यापेक्षा आपणच बदललेलं बरं म्हणून इब्सेनने नोरा घरातच थांबते असा शेवट लिहून दिला, आणि हा आपल्या नाटकावरचा रानटी अत्याचार आहे असंही म्हणून ठेवलं.

तर या नाटकाचं एक नवं रूप रंगमंचावर आलं होतं आणि आमच्यातल्या काही जणांनी ते वेगवेगळ्या दिवशी पाहिलं. एकीने लिहिलं, दार आपटलंच नाही! नोरा गेली, दिवे मंद झाले, संपलं. काय हिंमत आहे दिग्दर्शकाची! झालं, सिद्धांतांना ऊत आला. एक म्हणाला, आजच्या नोराला दार आपटून दाखवायची गरज उरलेली नाही. दुसरा म्हणाला, दार उघडं राहिलं म्हणजे ती परत येऊ शकते, हा तर मूळ नाटकाशी द्रोह. आदल्या रात्री प्रयोग पाहिलेला एक गृहस्थ बिचकत म्हणाला, "अहो, पण मी तर त्या आवाजाने दचकलो होतो." त्याला तत्काळ समजावण्यात आलं, की नाटक आधी माहीत असल्यामुळे तो आवाज तुमच्या मनात झाला. मानसशास्त्राचे दाखलेसुद्धा दिले गेले. हे चांगलं दोन दिवस चाललं. मग आमच्यातला एकजण, जो स्वतः नाटकांना ध्वनिसाथ करतो आणि एरवी तोंड उघडत नाही, त्याने ओळखीत विचारून एवढंच लिहिलं, "त्या रात्री ध्वनीचा क्यू, म्हणजे आवाज सोडायचा इशारा, चुकला. आवाज वाजलाच नाही."

मनसोक्त हसून झालं. पण खरी गंमत त्यानंतर. पहिलीने शांतपणे लिहिलं, "चुकला असेल. मी पाहिलेल्या प्रयोगात दार आपटलं नाही, आणि मला तोच शेवट बरोबर वाटला." यावर काय बोलणार? दिग्दर्शकाने बसवलेलं नाटक खरं, की त्या रात्री समोर घडलेलं? माझं मत घडलेल्याच्या बाजूने आहे. ध्वनिवाल्याचं अर्थातच नाही.

मोबाइलने आम्हाला बिघडवलं असं म्हणणाऱ्यांना मी सायमन फोरमनची गोष्ट सांगते. हा लंडनचा वैद्य आणि ज्योतिषी. १६११ सालच्या मे महिन्यात ग्लोब नाट्यगृहात शेक्सपियरचं 'द विंटर्स टेल' बघून आला आणि वहीत टिपण करून ठेवलं. शेक्सपियरच्या हयातीत प्रयोग पाहून कोणी लिहिलेलं फारच थोडं शिल्लक आहे, त्यामुळे या वहीचं मोल मोठं. आणि बाबाने लिहिलंय काय? मेली असं समजलेली राणी शेवटी पुतळा होऊन उभी असते आणि तो पुतळा हलतो, हा या नाटकातला सगळ्यात गाजलेला प्रसंग. त्याचा उल्लेखच नाही! त्याच्या लक्षात राहिला ऑटोलिकस नावाचा भामटा. त्यावरून स्वतःसाठी नोंद, की सोंग घेऊन येणाऱ्या भिकाऱ्यांवर विश्वास टाकू नये. शेक्सपियरच्याच 'मॅकबेथ'वरही त्याचं टिपण आहे. त्यात चेटकिणी पऱ्या किंवा वनदेवता होऊन आल्या आहेत.

पुतळ्याचा प्रसंग त्या दिवशी झालाच नाही, की फोरमनचं लक्ष नव्हतं, की त्याला तो लिहिण्याजोगा वाटला नाही, यावर अभ्यासक अजून डोकं खाजवतात. त्याच दुपारी तिथे असलेल्या आणखी एकाने चार ओळी खरडल्या असत्या तर वाद मिटला असता. किंवा दुप्पट झाला असता. आमच्या गटाचा अनुभव दुसऱ्या शक्यतेकडे बोट दाखवतो.

त्याच काळातला योहानेस द विट हा डच प्रवासी. १५९६च्या सुमारास त्याने लंडनचं स्वान नाट्यगृह आतून पाहिलं आणि चित्र काढलं. ते मूळ चित्र हरवलं. उरली ती आरेंट व्हान बुखेल या त्याच्या मित्राने उतरवून घेतलेली नक्कल. त्या काळच्या लंडनमधल्या खुल्या नाट्यगृहाचं आतून काढलेलं, आपल्यापर्यंत पोचलेलं एवढं एकच चित्र. शेक्सपियरचा रंगमंच कसा असेल याचा विचार करताना अभ्यासक त्याच्याकडे वळतात, ते एकाने आपण पाहिलेलं दुसऱ्याला कळवलं म्हणून. मध्यरात्री मोबाइल हातात घेतल्यावर घरचे रागावले, की मी व्हान बुखेलचं नाव घेते. उपयोग होत नाही, पण घेते.

आपल्याकडे भरतमुनींच्या नाट्यशास्त्र या प्राचीन संस्कृत ग्रंथाने हा विचार फार आधी करून ठेवलाय. सत्ताविसावा अध्याय प्रयोगाच्या सिद्धीवर आहे, म्हणजे प्रयोग साधला की फसला हे कसं ओळखायचं यावर. त्यात प्रेक्षकांचं स्मित, अर्धं हसू, मोठ्याने हसणं, 'साधु', 'अहो', 'कष्टम्' असे उद्गार, अंगावर काटा येणं, जागेवरून उठणं, या सगळ्याची दखल आहे. मग आदर्श प्रेक्षकाच्या गुणांची लांबलचक यादी येते. शीलवान हवा, नाट्याची अंगं जाणणारा हवा, वाद्यं, वेशभूषा, भाषा, कला सगळ्यांत जाणकार हवा. ती वाचताना छाती दडपते. पण लगेच सांगितलंय, की हे सगळे गुण एकाच प्रेक्षकात सापडत नसतात. तरुणाला शृंगार रुचतो, धनाची आस असलेल्याला अर्थाच्या गोष्टी, विरक्ताला मोक्षाच्या, शूराला युद्धं, वृद्धांना पुराणकथा. आमच्यासारख्यांना यापेक्षा मोठा आधार कुठे मिळणार? मी हे गटात लिहिलं तेव्हा प्रकाशयोजनावाल्याने विचारलं, "दिव्यांचं कोणाला रुचतं ते राहिलंच की."

भांडणं होतात का, हा उपप्रश्न. होतात. सडकून होतात. पण परंपरेच्या मानाने आम्ही गरीब गाय. २५ फेब्रुवारी १८३०ला पॅरिसच्या कोमेदी फ्रान्सेजमध्ये व्हिक्टर ह्यूगोच्या 'एर्नानी' या पद्यातल्या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. तेव्हा तिथे पैसे घेऊन टाळ्या वाजवणाऱ्यांची टोळीच असायची. ह्यूगोने ती नाकारली आणि आपले तरुण चाहते बोलावले. ते प्रयोगाच्या कित्येक तास आधी येऊन ठाण मांडून बसले. त्यांतला तेओफिल गोतिए आपल्या भडक लाल जाकिटामुळे इतिहासात गेला. आणि पहिली ठिणगी कशावरून? पहिल्या ओळीतलं वाक्य त्या ओळीत न संपता दुसऱ्या ओळीत उतरलं, एवढ्यावरून! जुन्या वळणाच्या रसिकांना हा काव्याचा खून वाटला. मला त्या दोन्ही बाजूंचा हेवा वाटतो. एक ओळ कुठे मोडावी यावर माणसं इतकी चवताळतात, याचा अर्थ सगळे कान देऊन ऐकत होते.

सगळ्याच भांडणांचा हेवा वाटत नाही. न्यूयॉर्कच्या ॲस्टर प्लेस ऑपेरा हाउस या नाट्यगृहात १० मे १८४९च्या रात्री मॅक्रेडी हा इंग्रज नट 'मॅकबेथ' करत होता आणि फॉरेस्ट या अमेरिकन नटाचे चाहते बाहेर जमले होते. वर दिसायला वाद अभिनयाचा, आत राग गरीब-श्रीमंतांचा आणि देशी-परक्यांचा. सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि वीसहून जास्त माणसं मेली. आमच्याकडे कोणी रागावलं तर गट सोडून जातं आणि नवं नाटक लागलं की गुपचूप परत येतं.

शेवट फोडायचा नाही, हा मात्र पक्का नियम आणि तो पाळला जातो. यात आम्ही काही विशेष करत नाही. अगाथा ख्रिस्तीचं 'द माउसट्रॅप' लंडनमध्ये १९५२पासून चालू आहे. २०२०च्या मार्चमध्ये महामारीने थांबवलं ते २०२१च्या मेमध्ये पुन्हा सुरू झालं. खुनी कोण हे बाहेर सांगू नका, अशी विनंती तिथे प्रेक्षकांना केली जाते. माहिती शोधणाऱ्याला ती दोन मिनिटांत सापडते, तरी जाणारे बहुतेक लोक न शोधता जातात. चोरून केलेलं चित्रीकरण टाकायलाही आमच्याकडे बंदी आहे, त्यावर कोणाशी वाद घालायचा माझा विचार नाही.

आता ज्या व्यक्तीमुळे हा गट मला सोडवत नाही, तिच्याविषयी. ती नाट्यगृहात जाऊ शकत नाही. तब्येतीची कारणं आहेत, त्यांत शिरत नाही. पण आमचं प्रत्येक टिपण ती वाचते आणि असे प्रश्न विचारते की आम्ही पुढच्या प्रयोगाला वेगळ्या डोळ्यांनी बसतो. "तो बोलत होता तेव्हा ती काय करत होती?" हा तिचा ठरलेला प्रश्न. पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा आमच्यातल्या एकालाही सांगता आलं नाही, कारण सगळे बोलणाऱ्याकडे बघत होते.

२०२०मध्ये नाट्यगृहं बंद पडली आणि लंडनच्या नॅशनल थिएटरने एप्रिलपासून दर गुरुवारी आपल्या एकेका नाटकाचं चित्रीकरण फुकट दाखवायला सुरुवात केली. आम्ही ठरवून ती बघायचो. आता ती आमच्या बरोबरीने बघत होती आणि मला वाटलं, तिची भूक आता भागेल. तिने लिहिलं, "छान आहे. पण कोणाकडे बघायचं हे कॅमेरा ठरवतो. तुम्ही जाता तेव्हा तुम्ही ठरवता, आणि प्रत्येकजण वेगळं ठरवतो. मला तुमचीच टिपणं जास्त आवडतात." तेव्हापासून मी नाटक बघताना अधूनमधून न बोलणाऱ्याकडे बघते. नटांना हे कळलं तर बरं वाटेल, असा माझा अंदाज आहे. संवाद नसताना रंगमंचावर उभं राहणं अवघड, आणि त्याबद्दल त्यांना कोणी काही म्हणत नाही.

या सगळ्याची दुसरी बाजूही आहे. काही लोक नाटक चालू असतानाच मनात मजकूर जुळवत बसतात. शेजारी असा माणूस असला की कळतं. तो हसायच्या जागी मान हलवतो. पहिल्या प्रयोगाआधीच कौतुकाचा इतका गजर होतो, की नाटक आपल्या पायावर उभं राहायच्या आत खांद्यावर उचललं जातं. आणि नवख्या नटाची एका रात्रीची अडखळ महिनाभर चघळली जाते. हे वाईट आहे, आणि "आम्ही फक्त प्रेमापोटी बोलतो" या सबबीने ते चांगलं होत नाही. नाटकवाल्यांची तक्रार इथे मला पूर्ण मान्य आहे.

"मग कधी भेटता का एकमेकांना?" भेटतो थोडेजण, एखाद्या मध्यंतरात. गटात हजार शब्द लिहिणारी माणसं समोरासमोर "बरं चाललंय ना?" एवढंच विचारतात आणि घंटा झाली की सुटल्यासारखी आत पळतात.

तुम्हाला यायचं असेल तर या. एकच विनंती: इतरांचं वाचायच्या आधी आपलं लिहा. कुठल्या दिवशीचा प्रयोग, कुठे बसला होतात, काय दिसलं, काय ऐकू आलं. नाटक आवडलं की नाही हे नंतर सांगितलंत तरी चालेल.