दगडफूल काढून बघा

चेतन शर्मा या जुन्या क्रिकेटपटूवरून आमच्यात दोन रविवार अबोला होता. पन्नाशीच्या आगेमागे असलेली पाच माणसं, त्यातले दोघे आजोबा झालेले, एकमेकांच्या घरच्या लग्नांत पंगती वाढलेले. पण वकीलसाहेब म्हणाले, "चेतन शर्मा यादीत येत असंल तं मी यादीच फाडतो," आणि बँकवाले काका पोह्यांवरची तर्री अर्धी टाकून उठले. नागपुरात माणूस तर्री अर्धी टाकून उठतो म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलेलं असतं.

ही यादी म्हणजे वकीलसाहेबांची एक जुनी डायरी आहे. पहिल्या पानावर त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहून ठेवलंय, 'हॉल ऑफ फेम, नागपूर खंडपीठ'. रविवारी सकाळचं फिरणं आटोपलं (फिरणं नावालाच, खरी ओढ पोह्यांची) की आम्ही सिव्हिल लाइन्समधल्या ठेल्यावर जमतो, आणि कोर्ट भरतं. नियम तीन. खेळाडूला आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडून पाच वर्षं झालेली असावीत. हा नियम आयसीसीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या हॉल ऑफ फेमचाच, आम्ही उचलला. पाचपैकी चार मतं पडली तरच प्रवेश. आणि खेळाडूची वकिली करणाऱ्याने आकडे तोंडपाठ सांगायचे. मोबाईल काढला त्याने सगळ्यांच्या पोह्यांचे पैसे द्यायचे. या तिसऱ्या नियमामुळे आमची स्मरणशक्ती सुधारली असं डॉक्टर म्हणतात. ते दातांचे डॉक्टर आहेत, तेव्हा किती मानायचं ते तुम्ही ठरवा.

आयसीसीने आपला हॉल ऑफ फेमचा दरबार 2009 साली भरवला. पहिल्याच खेपेला 55 जण आत घेतले, त्यात आपले बेदी, गावसकर आणि कपिल. मागून कुंबळे आला, द्रविड आला, सचिन, विनू मंकड, सेहवाग, डायना एडुल्जी, नीतू डेव्हिड, आणि 2025 मध्ये धोनी. या नावांवर आमच्याकडे कोणी अवाक्षर काढत नाही. सचिनवर भांडायला काय आहे? मेरिटमध्ये आलेल्या पोराचा पेपर कोणी फेरतपासणीला टाकत नाही. तेहतीसवर अडकलेला पोरगा असला की अख्खं घर त्याच्या दोन मार्कांसाठी मास्तरांच्या दारात जाऊन बसतं, आणि तेव्हा कळतं की तो पोरगा कोणाकोणाचा किती लाडका आहे. आमची डायरी अशा तेहतीसवाल्यांनी भरलेली आहे.

चेतन शर्माचं प्रकरण मीच आणलं होतं. कारण सांगतो. 31 ऑक्टोबर 1987, वर्ल्डकपचा भारत-न्यूझीलंड सामना, आमच्या याच सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर. मी सहावीत होतो. सिमेंटच्या तापलेल्या पायऱ्यांवर बाबांनी टॉवेल अंथरला होता, आणि पिशवीत नुकती बाजारात आलेली, अजून हिरवट सालीची संत्री. त्यांनी एक संत्रं सोलायला घेतलं आणि चेतन शर्माने रदरफोर्डचा त्रिफळा उडवला. पुढच्या चेंडूवर स्मिथचा. त्यानंतरचा चेंडू पडला तेव्हा बाबा अर्धं सोललेलं संत्रं मुठीत धरून उभे होते. चॅटफिल्डची दांडी गेली तेव्हा ती मूठ आवळली गेली, आणि रस त्यांच्या कोपरापर्यंत ओघळला. वर्ल्डकपमधली पहिली हॅटट्रिक. पुढे गावसकरने अंगात ताप असताना 88 चेंडूंत नाबाद 103 मारल्या, एकदिवसीय सामन्यांतलं त्याचं एकुलतं एक शतक. पण मला त्या दिवसातलं सगळ्यात स्पष्ट काय आठवतं, तर सामना संपेपर्यंत बाबांनी हात पुसला नव्हता.

"हे झालं तुझ्या बाबांचं," वकीलसाहेब म्हणाले. "शारजाचं काय? 18 एप्रिल 1986. शेवटचा बॉल, चार रन पाहिजे, अन् तुझ्या हिरोनं मियांदादले फुलटॉस देल्ला. सिक्स! माझ्या काकानं त्या दिवशी टीव्हीवर चप्पल मारली होती."

"तेवीस कसोट्या खेळला तो," काका म्हणाले. "छ्याऐंशीत बर्मिंगहॅमले एकाच मॅचमदी दहा विकेटा घेतल्या."

"अन् एक फुलटॉस."

इथे काका उठले.

तो रविवार माझ्या डोक्यात दिवसभर घोळत राहिला. आमच्याकडे रविवारी दुपारी सावजी पद्धतीचं मटण होतं. मसाला आईचा, तिने तरुणपणी गोळीबार चौकातल्या एका काकूंच्या शेजारी बसून शिकलेला. आता ती स्वतः करत नाही. समोरच्या खोलीत पलंगावर बसून सूचना देते, आणि आत स्वयंपाकघरात बायको त्यातल्या पटतील तेवढ्या पाळते. मी आईला सकाळचं भांडण सांगितलं. क्रिकेटमधलं तिला फारसं काही कळत नाही, पण भांडणातलं सगळं कळतं. ती म्हणाली, "अरे, दगडफुलाचा वास कोणाले येते का वेगळा? तिखट कळते, खोबरं कळते, खसखस कळते. दगडफूल नाई कळत. ते काढून पाह्य एक डाव, मंग समजते रश्श्यात काय होतं."

मला हा कोर्टाचा निकालच वाटला. माणूस किती मोठा हे मोजायचं कशाला? त्याला गोष्टीतून काढायचं, आणि गोष्ट तशीच उरते का ते बघायचं. सरासरीचं काय करायचं हा प्रश्नच मिटला.

तिसऱ्या रविवारी काका परत आल्यावर मी ही कसोटी मांडली. पहिला बळी अर्थात चेतन शर्मा. त्याला काढल्याबरोबर मियांदादचा सिक्सही गेला. यावर वकीलसाहेब इतके खूश झाले की म्हणाले, "मंग तं काढाच!" हॅटट्रिकही जाते हे मी सांगेपर्यंत त्यांनी डायरीत काट मारली होती. काकांनी मान्य केलं. शारजा नसती झाली तर आपलं आयुष्य बरंच सुखाचं गेलं असतं, असं त्यांचंही मत पडलं. अबोला मिटला.

मग लक्ष्मण. डॉक्टरांचा माणूस. 134 कसोट्या, 8,781 धावा, 17 शतकं. आणि वर्ल्डकपचा एकही सामना नाही. आकड्यांवर हा माणूस दारात उभा दिसतो, आत नाही. पण काढून बघा. 2001, ईडन गार्डन्स, फॉलोऑन. ओळीने 16 कसोट्या जिंकून आलेली स्टीव्ह वॉची टीम. लक्ष्मणच्या 281 धावा काढल्या की द्रविडबरोबरची 376 ची भागीदारी जाते, मग ती कसोटी जाते, मालिका जाते आणि गांगुलीचं कप्तानपदही डळमळायला लागतं. एक सूत ओढलं आणि अख्खा पदर उसवत आला. पाचपैकी पाच. आमच्या खंडपीठाचा हा पहिला एकमताचा निकाल.

गांगुलीवर मात्र गाडी अडली. त्याचा आणि लक्ष्मणचा, दोघांचाही नागपूरच्या जामठा मैदानाशी संबंध आहे. नोव्हेंबर 2008 मधली ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी लक्ष्मणची शंभरावी होती आणि गांगुलीची शेवटची. आमच्यातले पाचवे, मास्तर, तिथे हजर होते. शेवटच्या डावात गांगुली आला, पहिल्याच चेंडूवर क्रेझाच्या हातात सोपा झेल देऊन परत गेला. मास्तर सांगतात, टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच हवेत राहिले. तो क्रेझा म्हणजे पदार्पणातच 12 बळी घेणारा आणि एकूण दोन कसोट्या खेळून गायब झालेला गोलंदाज. काठावरसुद्धा न पोचलेल्यांची वेगळी डायरी करावी असं मला कधीकधी वाटतं. गांगुलीला कप्तान म्हणून काढता येत नाही, फलंदाज म्हणून काढता येतो. मग त्याला कोणत्या दाराने आत घ्यायचं? तीन विरुद्ध दोन. प्रकरण तहकूब.

गुंडप्पा विश्वनाथला, त्यांच्या लाडक्या 'विशी'ला, माझी ही कसोटी लागत नाही असं मास्तर म्हणाले, आणि ते चिडले. मास्तर चिडले की शुद्ध मराठी बोलतात. "91 कसोट्या, 6,080 धावा, सरासरी 41.93. अरविंदा डिसिल्वा 42.97 वर आत गेला, 2023 साली. एका धावेचा फरक. मग विशीने काय घोडं मारलं?" डिसिल्वाकडे 1996 ची फायनल आहे, तीन बळी आणि नाबाद 107, हे आम्ही सांगून पाहिलं. मास्तरांनी मद्रासचं चेपॉक मैदान काढलं. जानेवारी 1975, अँडी रॉबर्ट्स आग ओकतोय, सात बळी घेतलेत, भारत सर्वबाद 190, आणि त्यात विश्वनाथ नाबाद 97. "शतक नाही, म्हणून यादीत दिसत नाही. त्या 97 काढून दाखवा." कोणी काढल्या नाहीत. मग मास्तर जरा थांबून म्हणाले की बोर्डाच्या सुवर्णमहोत्सवी कसोटीत बाद दिलेल्या इंग्लंडच्या बॉब टेलरला कप्तान विश्वनाथने परत बोलावलं आणि भारत ती कसोटी हरला, हेही त्याच्याच खात्यात मांडा. हरण्याचे मार्क कसे द्यायचे यावर खंडपीठाकडे कलम नव्हतं. आम्ही चहा मागवला.

उमेश यादवचं नाव ठेलेवाल्याने घुसवलं. तर्री वाढता वाढता तो म्हणाला, "आपल्या खापरखेड्याच्या पोट्ट्याचं काय भाऊ?" विदर्भाकडून कसोटी खेळलेला पहिला माणूस, खाणीत काम करणाऱ्या बापाचा मुलगा, 57 कसोट्यांत 170 बळी, 2015 च्या वर्ल्डकपमध्ये भारताकडून सर्वाधिक 18. जगाच्या गोष्टीतून उमेशला काढलं तर फारसं काही हलत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण हे ठेलेवाल्याला कोण सांगणार? त्याने 2023 नंतर कसोटी खेळलेली नाही, पाच वर्षं अजून भरायची आहेत, या तांत्रिक मुद्द्यावर आम्ही पुढची तारीख दिली. वकीलसाहेबांना तारीख देताना जो आनंद होतो तो बघण्यासारखा असतो.

माझं स्वतःचं प्रकरण मी शेवटी ठेवलं होतं. सी. के. नायडू. जन्म नागपूरचा, 31 ऑक्टोबर 1895. तारीख बघा. बाबांच्या हातात संत्रं फुटलं तो दिवस म्हणजे कर्नलसाहेबांचा वाढदिवस होता, हे मला फार उशिरा कळलं. सात कसोट्या, 350 धावा, सरासरी 25. आकड्यांवर या माणसाला कोणी दारवानसुद्धा नेमणार नाही. पण त्याला काढून बघा! 1926, बॉम्बे जिमखान्यावर एमसीसीच्या इंग्लिश संघाविरुद्ध 153, त्यात अकरा षटकार. त्यानंतर दोन वर्षांत भारताचं क्रिकेट बोर्ड उभं राहिलं आणि 1932 मध्ये लॉर्ड्सवर भारताची पहिली कसोटी झाली, कप्तान नायडू. याला काढलं तर पहिलं पानच फाटतं. बोर्ड जीवनगौरव देतं तो नायडूंच्या नावाने, आणि आयसीसीच्या दरबारात खुद्द नायडू नाहीत. "आकडे कमी आहेत म्हणता? लिअरी कॉन्स्टंटाइन बघा. 18 कसोट्या, फलंदाजीची सरासरी 19, 58 बळी. 2021 साली त्याला घेतलं, आणि बरोबरच घेतलं." मी उभा राहून बोलत होतो म्हणे. पाचपैकी पाच मतं पडली. माझी छाती जरा फुगली.

काका इतका वेळ गप्प होते. लिंबाची फोड पिळत ते म्हणाले, "शिवलकरले काढून दाखव."

पद्माकर शिवलकर. प्रथम श्रेणीत 589 बळी, सरासरी 19.69. 1973 च्या रणजी फायनलला चेपॉकवर पहिल्या डावात 16 धावांत 8, दुसऱ्यात 18 धावांत 5. कसोट्या शून्य, कारण त्याच काळात त्याच डावखुऱ्या फिरकीच्या कामाला बेदी होता. तिकडे हरियाणाचा राजिंदर गोयल, रणजीत 637 बळी, त्याच्याही कसोट्या शून्य. 2017 मध्ये दोघांना एकदमच तो सी. के. नायडू पुरस्कार मिळाला.

"काढ नं," काका म्हणाले. "जो कधी घातलाच नाई, त्याले काढशील कसा?"

आमचा फैज फझल आठवला. 2016, हरारे, आयुष्यातला एकमेव एकदिवसीय सामना, नाबाद 55, संघ दहा विकेटने विजयी, आणि पुढे बोलावणं नाही. दीडच वर्षाने याच माणसाने विदर्भाचा कप्तान म्हणून पहिला रणजी करंडक उचलला. भारताच्या गोष्टीतून त्याला काढा, काहीच होत नाही. आमच्या गोष्टीतून काढा बरं. म्हणजे भांडं कोणतं घ्यायचं, हे आधी ठरवावं लागणार. मी बसलो. काकांनी माझ्या बशीतला उरलेला चिवडा उचलून खाल्ला, आणि शिवलकरचं नाव वकीलसाहेबांनी डायरीत समासात लिहिलं. आत नाही, बाहेरही नाही.

घरी आलो. जेवायला बसलो. आई पहिला घास घेऊन म्हणाली, "आज मसाला मस्त जमला." मी रश्श्यात भाकरी कुस्करली आणि हॉल ऑफ फेमची आजची कार्यवाही सविस्तर सांगितली, दगडफुलाचं श्रेय आईला देऊन. आई खूश झाली. बायको काही बोलली नाही.

भांडी घासायला ठेवताना ती हळूच म्हणाली, "अहो, दगडफूल दिवाळीतच संपलं. इतवारीच्या बाजारात जाणंच झालं नाही. आईंना सांगू नका."

मी दिवाळीपासूनचे रविवार बोटांवर मोजले. सहा. सहाही रविवारी आईने मसाल्याची तारीफ केली होती, आणि मी दोनदा मागून घेतलं होतं.

आईला सांगितलेलं नाही. खंडपीठालाही नाही. येत्या रविवारी श्रीनाथची सुनावणी आहे, 67 कसोट्या, 236 बळी, आणि वकील मीच आहे.