शाडूची वाटी आणि पाचवी चिमणी

ख्रिस्ती शाळेच्या प्रार्थनातासांविषयी लिहायचे, तर हात मळवणाऱ्या प्रार्थनांविषयीच लिहावे. 'देवाच्या नजरेत तू मोलवान आहेस' हे वाक्य नववी-दहावीच्या वयात कानावरून जाते. हाताला काम असले की थोडे आत शिरते. आज तरुण संघ सांभाळणाऱ्या शिक्षकांना उपयोग व्हावा म्हणून कृती तपशिलाने देतो.

सर्वांत भरवशाची शाडूची. प्रत्येकी पाव किलो माती, कणकेसारखी मळलेली. गोळ्यात अंगठा रोवून फिरवत वाटी करायची. भिंत सगळीकडे सारख्या जाडीची हवी. पातळ भाग आधी वाळतो, आकसतो आणि तिथेच तडा जातो. उन्हात ठेवली तरी तेच होते. म्हणून पहिला दिवस ओल्या फडक्याखाली, मग सावलीत. मुले तडा पाण्याचे बोट फिरवून बुजवतात. वाळल्यावर तो पुन्हा उघडतो.

तडकलेल्या वाट्या टाकू नयेत. खरी प्रार्थना तिथूनच सुरू होते. त्या खडखडीत वाळू द्याव्यात, तुकडे करून रात्रभर पाण्यात ठेवावेत. अर्धवट ओल्या मातीच्या गाठी राहतात. पूर्ण कोरडी माती आपोआप सुटून लगदा होते. वरचे पाणी ओतून लगदा जुन्या सुती फडक्यावर पसरावा आणि मळण्याजोगा झाला की दुसरी वाटी करावी. बायबलमधले यिर्मया 18:4 तेव्हा वाचावे: कुंभार बिघडलेल्या भांड्याच्या मातीचेच दुसरे भांडे करतो. आधी वाचले की मुले मुद्दाम वाट्या फोडतात!

चिमण्यांची कृती छोटी आहे. मत्तय 10 मध्ये दमडीला दोन चिमण्या, लूक 12 मध्ये दोन दमड्यांना पाच. म्हणजे पाचवी फुकट, तरी देव तिलाही विसरत नाही. कागदाच्या पाच चिमण्या करून त्या पाचवीवर आपले नाव लिहायचे. घड्या सोप्या ठेवा, नाहीतर सगळा तास घड्या घालण्यातच जातो.

यशया 49:16 साठी ('मी तुला माझ्या तळहातांवर कोरले आहे') कागदावर आपला पंजा गिरवून तळहातात नाव लिहायचे. मग पाचजणांच्या गटात कागद फिरतो आणि प्रत्येक बोटावर एकेकाने पाहिलेली एक गोष्ट लिहायची. पाचवे बोट स्वतःसाठी. 'तू छान आहेस' चालणार नाही. 'आजारी मुलाला डबा नेऊन दिलास' चालेल. कौतुकाची वाक्ये लाडक्या मुलांकडे भराभर जमतात, अबोल मुलांच्या वाट्याला नुसते 'चांगला' येते आणि त्यांना ते बरोबर कळते. गट चिठ्ठ्या टाकून करावेत. परत देण्याआधी शिक्षकांनी प्रत्येक कागद वाचावा, कारण टोमणाही बोटावर मावतो.

आरशासमोरची प्रार्थना मात्र मी सक्तीची करणार नाही. मुरुमे किंवा भाजल्याचे व्रण असलेल्या मुलाला त्याने संकोच वाटतो. त्याला वाटी पुरते.

आणि कुणी जीव नकोसा झाल्याचे लिहिले, तर 'प्रार्थनेतले बाहेर सांगायचे नाही' हा नियम तिथे लागू नाही. त्याच दिवशी मुख्याध्यापकांशी आणि घरच्यांशी बोलावे, तोवर त्या मुलाला एकटे सोडू नये.