ताटातलं शेवटचं शीत

आज कामानिमित्त चोपड्याकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्यावरच्या शाळेत गेलो होतो. जेवणाची सुट्टी झाली, खिचडीचं पातेलं उघडलं आणि अख्ख्या ओट्यावर वास दरवळला. पहिलीतली एक चिमुरडी ताटातलं शीत न् शीत बोटाने टिपून खात होती. वाढणाऱ्या मावशी हळूच म्हणाल्या, "मायबाप पहाटेच कापूस वेचायला जातात. पोरगी उपाशीच येते शाळेत." आणि तिच्या ताटात अजून एक डाव वाढला. ती मान वर न करता जेवत राहिली.

पोषण आहारात पाचवीपर्यंतच्या मुलामागे रोज 100 ग्रॅम तांदूळ असतो. तेवढ्यावर तिची शाळा टिकून आहे!

दोन वर्षांपासून मी अक्षयपात्रला, म्हणजे शाळेतल्या मुलांना जेवण पुरवणाऱ्या संस्थेला, दरमहा थोडे पैसे पाठवतो. 2000 साली बेंगळुरूत 5 शाळांतल्या 1,500 मुलांपासून त्यांनी सुरुवात केली, आता लाखो मुलं तिथलं जेवतात. पैसे गेल्याचा मेसेज यायचा, मी बघून न बघितल्यासारखं करायचो. यंदा कापसाने दगा दिला, त्यात मन पार खचलं होतं. पण आज येताना एसटीत खिडकीशी बसलो आणि कितीतरी दिवसांनी छाती भरून श्वास घेतला. घरी आल्यावर पहिलं काम केलं, महिन्याची रक्कम वाढवली.