वाघ्या घेवड्याचा एक हंगाम: माझा अनुभव

घेवडा पदरात किती पडणार हे पावसावर ठरते, असे आमच्या भागात सर्रास म्हटले जाते. गेल्या खरिपात पेरणीपासून विक्रीपर्यंतचे प्रत्येक काम मी स्वतः उभी राहून करून घेतले, तेव्हा शेजारशेजारच्या रानांत पाऊस सारखा पडूनही उतारा, म्हणजे एकरी उत्पन्न, सारखा येत नाही, हे मला नीट दिसले. त्या फरकाच्या मुळाशी बहुतेक वेळा एखादे काम घातीवर, म्हणजे नेमक्या योग्य वेळी, झाले की घात टळल्यावर झाले, एवढीच गोष्ट होती. आणि ज्याच्या दारात बैलजोडी नाही की ट्रॅक्टर नाही, त्या आमच्यासारख्या दीड एकरवाल्याची घात नेहमीच दुसऱ्याच्या सवडीवर अवलंबून राहते.

आमचे रान सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्याच्या उत्तर भागात, वसना नदीच्या खोऱ्यात आहे. पिंपोडे बुद्रुक, सोनके, देऊर हा सगळा पट्टा वाघ्या घेवड्याचा. दाण्यावर लालसर रेघा असणाऱ्या या घेवड्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि आमच्याकडे त्याचा लहानसा हिस्साच पोहोचतो. पण पीक जेमतेम अडीच महिन्यांचे असल्याने तेवढ्या पावसावर ते येते आणि मोकळ्या झालेल्या रानात रब्बीची शाळू ज्वारी घेता येते.

सुरुवात बियाण्यापासून केली. सासूबाईंनी राखेत ठेवलेले घरचे बियाणे सुपात घेऊन आम्ही दोघींनी दाणा न् दाणा पाहिला आणि भुंगेऱ्याने भोक पाडलेले, सुरकुतलेले व तपकिरी डागांचे दाणे बाजूला काढले. डागाळलेला दाणा खायला चालेल असे वाटते, पण करपा रोग बियाण्यातूनच पुढच्या पिकात उतरतो, त्यामुळे तो पेरणीत जाता कामा नये. मग १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. त्यांतले ७० हून अधिक चांगले उगवले, तेव्हाच घरचे बियाणे पेरायचे ठरवले. पेरणीआधी ट्रायकोडर्मा ही रोगांना आवर घालणारी उपयुक्त बुरशी आणि त्यानंतर रायझोबियमचे, म्हणजे मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र धरणाऱ्या जिवाणूंचे, संवर्धक चोळले. येथे एक गोष्ट मुद्दाम सांगते: सोयाबीनसाठी मिळणारे रायझोबियम घेवड्याला उपयोगी पडत नाही, घेवड्याचे वेगळे मागून घ्यावे लागते. शिवाय इतर कडधान्यांच्या मानाने घेवड्याच्या मुळांवर आपल्याकडे गाठी फार कमी धरतात, म्हणून ‘कडधान्य आहे, खत कशाला’ असे म्हणून चालत नाही. नत्राची मात्रा द्यावीच लागते.

चांगला पाऊस होऊन रानात वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आला, त्या दिवशी गावातल्या सगळ्यांनाच ट्रॅक्टर हवा होता. मोठ्या रानाचे काम आधी धरले जाते आणि दीड एकराचा तुकडा मागे राहतो, हा दरवर्षीचा अनुभव. उशिरा पेरलेला घेवडा ऐन फुलात असताना पावसाच्या उघडिपीत सापडतो आणि काढणीला परतीच्या पावसात, म्हणून मी वाट पाहिली नाही. बांधाला बांध असलेल्या दोन घरांशी पैरा केला, म्हणजे एकमेकांच्या रानात आळीपाळीने काम करायचे ठरवले, त्यांच्यापैकी एकाची बैलजोडी घेतली आणि तिन्ही रानांची पेरणी पाभरीने लागोपाठ उरकली. रानाच्या उताराकडच्या अंगाला त्याच वेळी चर काढून घेतली. घेवड्याच्या मुळाशी पाणी साचले की पाने पिवळी पडतात, मुळे कुजतात आणि ती रोपे पुन्हा सावरत नाहीत. चरीशेजारच्या सरींत रोपे जोमदार राहिली आणि जिथे बांधाच्या कोपऱ्यात पाणी तुंबले तिथली विरळ झाली, हे चालत जाता जाता डोळ्यांना दिसत होते.

सर्वांत कठीण गेली ती भांगलण. पेरणीनंतरचा पहिला महिनाभर तण वाढू दिले तर घेवडा मागे पडतो, कारण हे पीक बुटके असून त्याची मुळेही फार खोल जात नाहीत. आणि नेमक्या याच दिवसांत आमच्याकडे झिमझिम पाऊस लागून राहतो. मजूर बायका मिळाल्या त्या सकाळी पाने ओली होती. ओल्या पिकातून माणसे फिरली की करप्याचे बीजाणू हातांबरोबर, लुगड्याच्या काठाबरोबर एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. पण त्या बायकांना परत पाठवले तर पुन्हा कधी मिळतील याचा भरवसा नव्हता. मी त्यांना आधी बांधावरचे गवत काढायला लावले आणि पाने सुकल्यावर, दुपारच्या सुमारास, पिकात उतरवले. मोठ्या शेतकऱ्याकडे ही अडचण तणनाशकाने सुटते. आमच्याकडे ती अशी तासांच्या हिशेबाने सोडवावी लागते. भांगलताना पाने आकसलेली, हिरवट-पिवळ्या चट्ट्यांची रोपे दिसली ती उपटून पुरून टाकली. हा मोझॅक नावाचा विषाणूजन्य रोग बियाण्यातून येतो आणि मावा तो पसरवतो, त्यावर औषध नाही.

फुले लागली आणि पावसाने ओढ दिली. या काळात जमीन कोरडी पडली किंवा उष्णता फार वाढली तर फुले गळतात आणि ती भरपाई नंतरच्या पावसाने होत नाही. विहिरीत पाणी होते म्हणून एक हलके पाणी देता आले. विहीर नसलेल्या शेजाऱ्याच्या रानात झाडे तेवढीच हिरवी होती, पण शेंगा कमी होत्या.

शेंगा पिवळ्या पडून वाळू लागल्यावर काढणी सकाळच्या दवात केली, कारण उन्हात झाड उपटताना शेंगा तडकून दाणे रानातच सांडतात. काढलेले पीक रानात ढीग घालून न ठेवता, पाऊस येण्याच्या आत पत्र्याखाली आणले. भिजलेल्या ढिगात दाण्याला आतूनच कोंब फुटतात आणि रेघांचा रंग उतरतो, मग व्यापारी दर पाडतो.

दराचा प्रश्न उताऱ्याशी जोडलेलाच आहे. सोयाबीन, मूग, उडीद यांना सरकार हमीभाव जाहीर करते. घेवड्याला तो नाही. त्यामुळे अनेकांनी चांगले रान सोयाबीनला दिले आणि घेवडा हलक्या रानात ढकलला, आणि हलक्या रानात उतारा कमी आला की घेवडा परवडत नाही असे म्हणतात. मला हे चक्र अन्यायाचे वाटते. मी मळणीनंतर माल चाळून, निवडून दोन प्रतींत वेगळा केला. डागी माल लगेच विकला आणि स्वच्छ दाणा कडकडीत वाळवून सणासुदीच्या मागणीपर्यंत राखला. त्याला मिळालेला दर डागी मालापेक्षा बराच चांगला होता. येत्या खरिपासाठी त्याच तीन घरांचा पैरा कायम ठेवायचे ठरले असून, या वेळी भांगलणीचाही त्यात समावेश केला आहे.