तुम्ही विचारलंत म्हणून: पाळीचं अ‍ॅप कुठलं घेऊ?

"मॅडम, पाळीसाठी कुठलं अ‍ॅप चांगलं? आणि आपली माहिती विकतात म्हणे, खरं का?" नाशिकला कॉलेज रोडवर मी संगणकाचे वर्ग घेते. बाकीच्या निघून गेल्या की हा प्रश्न हमखास येतो.

दुसरं आधी सांगते. भीती हवेतली नाही. फ्लो हे जगभर चालणारं अ‍ॅप. त्यातली माहिती फेसबुक-गूगलला जात होती, असा ठपका अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ठेवला आणि २०२१ मध्ये कंपनीला समझोता करावा लागला. २०१९ मध्ये प्रायव्हसी इंटरनॅशनल या ब्रिटिश संस्थेने अशी अ‍ॅप तपासली, त्यांत आपल्या बंगळुरूचं माया हे अ‍ॅपही फेसबुकला माहिती पाठवताना सापडलं. अ‍ॅप बनवणारे या बड्या कंपन्यांचा तयार कोड आत बसवतात, तोच गुपचूप निरोप पोचवतो. मूल हवंय असं कुणी नोंदवलं की जाहिरातवाल्यांच्या लेखी ती बाई लगेच मोलाची होते. पाळण्यापासून विम्यापर्यंत सगळी खरेदी पुढे असते ना!

अमेरिकेतल्या बायकांची धास्ती मात्र वेगळी. जून २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला. उद्या हीच नोंद पुरावा म्हणून पुढे आली तर? आपल्याकडे त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, वीस ते चोवीस आठवड्यांची मुभा अविवाहित स्त्रियांनाही आहे, असा निकाल लागला. म्हणून तिकडची धास्ती जशीच्या तशी इकडे आणू नका.

आपल्याकडे गोष्ट फुटते ती आधी घरात. फोन एकट्या बाईचा असतो कुठे? दीर पैसे पाठवायला म्हणून फोन घेतो आणि नेमकी वर पट्टी झळकते, 'दोन दिवसांत पाळी'. त्यात घरात सत्यनारायण ठरलेला असला तर सासूबाईंचा तारखांचा हिशेब सुरू. कालनिर्णयवर टिंब करणाऱ्यांचं मला कौतुक आहे, पण ते टांगलेलं असतं स्वयंपाकघरात! तेव्हा अ‍ॅप कुठलंही घ्या, आधी नोटिफिकेशन बंद करा आणि अ‍ॅपला कुलूप लावा.

निवडताना मी एकच बघते: नोंद फोनमध्येच राहते की कंपनीकडे जाते. अ‍ॅप घेतल्यावर फोन एअरप्लेन मोडवर टाका. खातं न उघडता, ईमेल न देता तारीख नोंदवता आली तर निदान सुरुवात बरी. (नेट सुरू झाल्यावर ते काय करतं हे यातून कळत नाही, म्हणून प्रायव्हसी पॉलिसीत 'थर्ड पार्टी', म्हणजे माहिती मिळणारे बाहेरचे तिसरे कुणी, हे शब्द शोधाच.) प्ले स्टोअरवरची 'डेटा सेफ्टी'ची माहिती अ‍ॅपवाल्यांनी स्वतःच भरलेली असते, तिच्यावर विसंबू नका. बर्लिनमध्ये बनलेलं ड्रिप हे अ‍ॅप नोंदी फोनमध्येच ठेवतं, पासवर्डही लावता येतो आणि त्याचा कोड कुणालाही तपासता येतो. मी तेच सुचवते. दिसायला साधंच आहे. फोन हरवला तर नोंदीही गेल्या, म्हणून अधूनमधून त्यांची प्रत काढून ठेवा.

आणि विचारलं म्हणून सगळं भरत बसू नका. पुढच्या पाळीचा अंदाज मागच्या तारखांवरूनच निघतो. वजन, मूड, नवऱ्याशी संबंध कधी आला, यातलं काही त्याला लागत नाही. डॉक्टरही आधी 'शेवटची पाळी कधी आली?' एवढंच विचारतात. बाळंतपणाची तारीखसुद्धा त्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजूनच काढतात. पीसीओडी असेल, पाळी मागेपुढे होत असेल, तर अ‍ॅपचा अंदाज चुकणारच. त्याच्या 'सुरक्षित दिवसां'वर भरवसा ठेवून गर्भनिरोधक मात्र सोडू नका.

आधीचं अ‍ॅप नको झालं असेल, तर नुसतं फोनवरून काढल्याने कंपनीकडची नोंद जात नाही. आधी सेटिंगमध्ये जाऊन खातं डिलीट करा, मग अ‍ॅप काढा. तसा पर्यायच दिसला नाही, तर माहिती पुसा म्हणून ईमेल पाठवा. कसा लिहायचा ते वर्गात दाखवते.