आईचा एसटी प्रवास

वडील गेल्यानंतरचे पहिले काही महिने आईला रात्री झोप लागत नसे आणि पहाटे तीनला उठून ती स्वयंपाकघरातले डबे पुन्हा पुन्हा पुसून लावत बसे. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी वाढवली. परंतु तिच्या मनावरचा ताण खऱ्या अर्थाने हलका झाला तो ती माणसांत परतल्यावर, असे मला वाटते. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य शासनाने ७५ वर्षांवरील नागरिकांना एसटीचा प्रवास मोफत केला, तेव्हा आई ७६ वर्षांची होती. मुलांकडे भाड्याचे पैसे मागण्याचा तिचा संकोच संपला (तो किती खोल होता, हे आमच्या लक्षातच आले नव्हते) आणि दर पंधरवड्याला ती वाईला मावशीकडे एकटी जाऊ लागली. दोघी बहिणी कृष्णेच्या घाटावर बसून वडिलांविषयी बोलतात, रडतातही. घरी आम्ही तिला सतत "रडू नकोस" म्हणत होतो, ती आमची चूक होती. एरवी संध्याकाळी विठ्ठलमंदिरात हरिपाठ असतो. तिथे एखादी बाई दोन दिवस दिसली नाही, तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी तिच्या दारात चौकशीला जाते. मागच्या आठवड्यात तापाने पडलेल्या एका सोबतिणीकडे आईच पेज घेऊन गेली होती.