टेंबलाईच्या टेकडीपर्यंत

शाळेच्या अमृतमहोत्सवाची पत्रिका गेल्या आठवड्यात आली आणि मी सगळ्यांत आधी बाईंचं नाव शोधलं. आमच्या तुकडीला ‘बाई’ म्हटलं की एकच, मराठीच्या बाई. ‘शाळेच्या आठवणी लिहा’ असं संपादक मंडळाने कळवलं आहे, पण माझ्या हातून बाईंबद्दलच लिहिलं जाणार.

नवरात्र लागलं की बाईंच्या तासाला पुस्तक मिटलेलं असायचं. पहिल्या माळेला कोल्हासूर. अंबाबाईने त्याला मारलं, पण मरताना त्याने ‘या क्षेत्राला माझं नाव राहू दे’ असं मागितलं आणि आईने ते दिलं. मग यायची त्र्यंबोली, म्हणजे आपली टेंबलाई. कोल्हासुराच्या मुलाने, कामाक्षाने, योगदंडाच्या बळावर देवांची शेळ्यामेंढरं करून टाकली. त्र्यंबोलीने युक्तीने तो दंड काढून घेतला आणि सगळ्यांना सोडवलं. पुढे विजयाचा सोहळा झाला आणि नेमकं तिलाच बोलवायचं राहिलं. ती रुसली, गावाबाहेरच्या टेकडीवर जाऊन कोल्हापूरकडे पाठ करून बसली. इथे बाई थांबायच्या. मग हळू आवाजात सांगायच्या, “आईने निरोप नाही धाडला. स्वतः गेली.” म्हणून तर ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी अजून टेंबलाईला जाते आणि तिथे कुमारिकेच्या हातून कोहळा फोडला जातो.

आठवीत असताना बाई पंचमीला काही मुलींना टेंबलाईला नेणार होत्या. गोवर आल्यामुळे मी बारा दिवस घरी होते. परत आले तर यादी वाचून झालेली, आणि तीत माझं नाव नव्हतं. मी कुणाला काही बोलले नाही. पण बाईंच्या तासाला खिडकीकडे तोंड करून बसले ते तास संपेपर्यंत वळले नाही. बाईंनी पाहिलं, पण रागावल्या नाहीत.

संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला मंगळवार पेठेतल्या आमच्या माडीचा जिना वाजला. अरुंद, अंधारा जिना, दोरी धरून चढायचा. वर आल्या त्या बाई. आईची धांदल उडाली, तिने चटई टाकली. बाई मात्र उंबऱ्यातच उभ्या राहून मला म्हणाल्या, “माझ्याकडून राहिलं गं. उद्या सकाळी न्यायला येते.” मोठं माणूस आपल्याला असं म्हणतं, हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टेकडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. कोहळा फुटला आणि त्याचे तुकडे मिळवायला एकच झुंबड उडाली. बाईंनी पदर खोचला आणि आम्हाला झाडाखाली उभं करून गर्दीत शिरल्या. परत आल्या तेव्हा अंबाडा सुटलेला, कपाळाला घाम. त्यांनी माझ्या हातावर बोटाच्या पेराएवढा तुकडा ठेवला. पांढरा, गार, एका कडेला कुंकू लागलेलं, एक बी अजून चिकटलेली. तो मी आईच्या हळदीकुंकवाच्या डबीत सुकेपर्यंत जपला.

आज मी जुन्या दगडी मंदिरांची मोजमापं आणि दुरुस्तीचे आराखडे करते, त्याचीही सुरुवात बाईंचीच. अंबाबाईच्या देवळाच्या बाहेरच्या भिंतीवरच्या मूर्ती त्यांनी आम्हाला एकेक करून दाखवल्या होत्या. संकटाच्या काळात लपवून ठेवलेली आईची मूर्ती १७१५ साली विजयादशमीला पुन्हा स्थापन झाली, हे त्यांनी देवळातच, गरुड मंडपाच्या खांबाला टेकून सांगितलं. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन आधी पायांवर, मग वर चढत मुखापर्यंत जातात, तो किरणोत्सवही पहिल्यांदा त्यांच्याबरोबर पाहिला. आता वाटेत इमारती उभ्या राहिल्या आहेत. किरणं किती वर पोचली याची दरवर्षी वाट पाहावी लागते, आणि गुडघ्यापाशीच ती विरली असं कळलं की मला फार वाईट वाटतं. इतक्या जुन्या लोकांनी इतका नेमका साधलेला उजेड आपल्याला राखता येऊ नये!

तर, पत्रिकेत बाईंचं नाव नाही. निवृत्त होऊन त्यांना कितीतरी वर्षं झाली, पत्ता बदलला. एवढी मोठी यादी करताना कुणाचं तरी राहतंच. मी पत्ता मिळवला आहे. मुलीकडे असतात, गुडघे दुखतात, पण आवाज तोच. फोनवर आधी माझ्या आईची चौकशी केली.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मी त्यांना आणायला जाणार आहे. त्यांना जिने चढवत नाहीत, तेव्हा खाली मैदानातच, पुढच्या रांगेत, कडेची एक खुर्ची तेवढी ठेवावी, ही संयोजकांना विनंती.